गळा गेल्यावर पहिलं वर्ष कसं काढावं

ज्यांनी वीस-तीस वर्षं गाणं केलं आणि ज्यांचा गळा आता परत येणार नाही, किंवा येईल की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही, अशा माणसांसाठी हा लेख आहे. कारण गाठ असो, नस असो, पक्षाघात असो, नाहीतर नुसतं वय. ज्यांचं कथक, कुस्ती किंवा चित्रकला सुटली असेल त्यांनी गळ्याच्या जागी गुडघा, खांदा किंवा डोळे वाचावेत. पायऱ्या बहुतेक त्याच राहतात. उदाहरणं मात्र ग्वाल्हेरची आणि गाण्याची आहेत, कारण मला तेवढंच ठाऊक आहे.

आपल्या गावात हे दुखणं जरा जास्तच टोचतं. २०२३ साली युनेस्कोनं संगीतनगरी म्हणून निवडलेलं हे गाव. लष्कर या भागातल्या जुन्या मराठी घरांत कोणाची आजी नाहीतर काका कृष्णराव पंडितांच्या परंपरेत शिकलेले असतातच. बाड्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी "सध्या कुठला राग चाललाय?" असं विचारणारा भेटतो. मुंबई-पुण्यात माणूस गर्दीत लपू शकतो, इथं तशी सोय नाही. त्यामुळे इथल्या माणसानं थोडं योजून वागावं लागतं.

माझ्याबद्दल एवढंच सांगते: थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर माझे वरचे स्वर गेले. गाठ नसेला चिकटलेली होती, त्यात कोणाचा दोष नव्हता. बोलताना कोणाला काही कळत नाही. पंचमाच्या वर जायला लागलं की हवा निघते, सूर निघत नाही.

पहिली पायरी: नेमकं काय झालंय ते कागदावर घ्या

"आवाज बसला", "गळा उतरला", "नजर लागली" ही काही निदानं नव्हेत. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

डॉक्टर दुर्बिणीनं स्वरतंतू बघतात. गाणाऱ्यानं स्ट्रोबोस्कोपी होईल का हेही विचारावं. साधं बोलतानाही स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा कंप पावतात, तार षड्जाला त्याहून कितीतरी जास्त. साध्या उजेडात ती हालचाल डोळ्याला पकडता येत नाही. स्ट्रोबोस्कोपीत उघडझाप करणाऱ्या दिव्यामुळे ती मंद झाल्यासारखी दिसते, आणि कुठली कड कडक झाली आहे, कुठं फट राहते आहे हे कळतं. गावात सोय झाली नाही तर एकदा दिल्लीला जाऊन या. आयुष्यभराच्या गोष्टीचा निकाल आहे, एका रेल्वेप्रवासानं काही बिघडत नाही.

विचारायचा मुख्य प्रश्न असा: ही सूज आहे, गाठ आहे, रक्तस्राव आहे, की नसेचं काम आहे? कारण चारही वाटा वेगळ्या आहेत. जास्त ताणानं आलेल्या बारीक गाठींवर आधी विश्रांती आणि स्पीच थेरपी करतात, चाकूचा विचार नंतर. पॉलिप किंवा सिस्ट असेल तर मात्र अनेकदा शस्त्रक्रिया लागते. स्वरतंतूत रक्त उतरलं असेल तर काही दिवस पूर्ण मौन. आणि नस दुखावली असेल तर ती आपण होऊन सुधारायला सहा महिने ते वर्षभर लागू शकतं. म्हणून कायमची शस्त्रक्रिया बहुधा तोवर करत नाहीत. मधल्या काळात बोलण्यापुरता आवाज मिळावा म्हणून स्वरतंतूत इंजेक्शन देता येतं.

नसेतही दोन प्रकार आहेत, आणि गाणाऱ्याला हा फरक ठाऊक हवा. एक नस स्वरतंतू उघडते-मिटते. ती गेली की आवाज घोगरा आणि हवेशीर होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दुसरी बारीक नस स्वरतंतूंना ताण देणारा स्नायू हलवते. ती गेली तर बोलणं जवळजवळ पूर्वीसारखंच राहतं, फक्त वरची पट्टी नाहीशी होते. घरच्यांना वाटतं, आता बरं झालं. बरं झालेलं नसतं.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. ज्येष्ठमध चघळा, कोमट पाणी प्या, रात्रीचं जेवण लवकर घ्या. पित्त वर चढणाऱ्यांना यातल्या शेवटच्या गोष्टीचा खरोखरच उपयोग होतो. हजिऱ्याला तानसेनाच्या मकबऱ्यापाशी जाऊन चिंचेचा पाला खायचा असेल तर खुशाल खा, आपल्याकडच्या बहुतेक गाणाऱ्यांनी तो कधी ना कधी खाल्लेला आहे. पण पाल्यानं नस जुळत नाही. आवाज वाचवायचा म्हणून कुजबुजत बोलू नका, त्यानं उलट ताण पडतो. आणि "खर्ज भर, आपोआप सुटेल" असं सांगणाऱ्या ज्येष्ठांना नमस्कार करून तिथून उठा. निरोगी गळ्याला खर्जाची, म्हणजे खालच्या सुरांची, मेहनत मानवते, जखमी गळ्याला मानवत नाही. ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँसाहेबांची आख्यायिका आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते: कडक बिजलीची तान दुसऱ्यांदा घ्यायला लावली आणि त्यातच त्यांचा जीव गेला म्हणतात. तिच्यातलं खरं-खोटं राहू द्या. एवढ्या जुन्या घराण्यानं ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या जपून ठेवली, ती काही उगीच नसेल.

दुसरी पायरी: तिघांपैकी तुम्ही कोण?

निदान हातात आलं की पहिल्याच आठवड्यात चार जण तुम्हाला कुमार गंधर्वांचं उदाहरण देतील. क्षयरोग, देवास, काही वर्षांचं सक्तीचं मौन, आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा मैफली. उदाहरण खरं आहे, देणाऱ्यांचं मनही चांगलं आहे. पण ते परत गाऊ लागलेल्या माणसाचं उदाहरण आहे, आणि तुम्ही तसे आहात की नाही हे अजून ठरायचं आहे. माझ्या मते माणसं तीन प्रकारची असतात.

पहिली, ज्यांचा गळा परत येणार आहे. त्यांनी हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांचं ऐकावं.

दुसरी, ज्यांचा गळा येणार आहे, पण वेगळा. यांच्यासाठी आपल्या संगीतात मोठी परंपराच आहे. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) आमलेटा संस्थानात असताना दिवसचे दिवस सलग गायले आणि त्यांचा आवाज गेला. सुमारे दोन वर्षांनी परत आला तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी लयीच्या गुंतागुंतीची, वक्र चालीची गायकी त्यांनी बांधली, आणि आज तिला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो. गंगूबाई हनगल तरुणपणी बारीक, उंच आवाजात गात. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो आवाज भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. पुढं लोकांनी त्यांना ओळखलं ते त्याच आवाजानं. तुम्ही या गटात असाल तर पट्टी उतरवा. काळी चारमधून गाणाऱ्या बाईनं काळी एकपर्यंत खाली येण्यात काही लाज नाही. ताना कमी करा, बोल-अंग वाढवा, तार सप्तकावर उभे असलेले राग काही दिवस बाजूला ठेवा आणि मंद्र-मध्यात रमणारे घ्या. पण ही वाट स्पीच थेरपिस्टच्या सल्ल्यानं चालायची, एकट्यानं खोलीत बसून नाही.

तिसरी, ज्यांचं गाणं थांबलं. पुढचा सगळा लेख या लोकांसाठी आहे. यांना मी कुमारजींपेक्षा विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण करून देईन. लहानपणी कुरुंदवाडला दत्तजयंतीच्या दिवशी फटाका तोंडापाशी फुटला आणि डोळे अधू झाले. शिक्षणाची सरळ वाट बंद झाली म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला धाडलं. ज्या ग्वाल्हेर गायकीसाठी बाळकृष्णबुवांनी एवढी पायपीट केली होती ती या मुलाला मिळाली, आणि त्यानं ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.  त्यांचं मोठं काम दुरुस्तीतून नाही, वळणातून आलं.

तिसरी पायरी: रियाजाची वेळ मोडू नका, आतलं सामान बदला

सगळ्यात वाईट काय असतं तर पहाटेचे साडेपाच. इतकी वर्षं त्या वेळेला डोळा उघडलेला असतो, तो उघडतोच. मग अंथरुणात पडून छताकडे बघत बसणं सुरू होतं. हे होऊ देऊ नका. उठा, तोंड धुवा, त्याच जागी, त्याच बैठकीवर बसा.

तिथं काय करायचं? पहिले काही महिने फक्त ऐकायचं, पण वही घेऊन. एक राग, एक बंदिश, तीन-चार गाणारे. सम कशी धरली, अंतरा किती उशिरा उचलला, कुठल्या स्वरावर श्वास घेतला, कुठली जागा टाळली. आपण गात असताना दुसऱ्याचं ऐकणं नेहमी थोडं स्वार्थी असतं: यातलं मला काय उचलता येईल? तो स्वार्थ गेला की बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच ऐकू येतात. ताल हातावर धरा. विलंबित तिलवाडा हातावर अर्धा तास न चुकता धरून बघा. गात असताना तबलजीच्या भरवशावर आपण किती सोडून दिलं होतं ते लगेच कळेल.

डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितलं असेल त्या दिवसांत गुणगुणणंही बंद.

आणि रडू येतं. यायचंच. माझ्या पिढीच्या बायकांना स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता रडायची सवय आहे, त्यामुळे ते खपून जातं. पुरुषांची जास्त पंचाईत होते, ते चिडचिडे होतात आणि घरच्यांना कारण कळत नाही. पण झोप उडाली, जेवण तुटलं, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागेना, जगून काय करायचं असले विचार येऊ लागले, तर त्याला 'कलावंताचं दुःख' म्हणून कुरवाळत बसू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट मिळते आणि आपल्या भाषांतूनही बोलता येतं. बोलायला सूर लागत नाही.

चौथी पायरी: एक वाक्य तयार ठेवा

गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला, लग्नात कोणीतरी म्हणणारच: "दोन ओळी तरी म्हणा!" दरवेळी आजाराची कथा सांगू नका. दमायला होतं, आणि ऐकणारा शेवटी आपल्या मावशीच्या थायरॉइडवर येतो. एक वाक्य पाठ करून ठेवा. माझं असं आहे: "मी आता गात नाही, तुम्ही म्हणा, मी पेटी धरते." यात नकार आहे, कारण नाही, आणि बोलणं पुढं सरकतं. "सध्या गात नाही" म्हणू नका. 'सध्या' शब्द तोंडातून गेला की लोक दर महिन्याला चौकशी करतात आणि तुम्हीही आतून वाट बघत राहता.

घरच्यांसाठी: "थोडं गुणगुण ना, मोकळं होईल" हे वाक्य कायमचं बंद करा. घरात गाणं लावायचं असेल तर चोरून बारीक आवाजात लावू नका, नेहमीसारखं लावा. सुतक पाळल्यासारखं घर शांत झालं की गळा गेलेल्या माणसाला आपणच त्या घराचा आवाज बंद केला असं वाटतं.

डिसेंबरच्या तानसेन समारोहाचं काय करायचं, हे बरेच जण विचारतात. १९२४ पासून चालत आलेला आपला सण तो. शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद यांनी सुरुवात होते. त्याला न जाणं म्हणजे दिवाळीला फराळ न करणं. माझा सल्ला: पहिल्या वर्षी वाद्यांच्या सभांना जा, गायनाच्या टाळा. सरोद-सतार ऐकताना आपला गळा आतल्या आत हलत नाही. गाणं ऐकताना हलतो, आणि रात्री घसा दुखतो. हे माझ्याच बाबतीत होत असेल असं वाटायचं, पण इतर दोघी-तिघींनीही तेच सांगितलं. दुसऱ्या वर्षी मागं बसून एखादी गायनाची सभा ऐका. पुढच्या रांगेतली ओळखीची माणसं वळून वळून बघतात, त्यांच्या डोळ्यांतली कणव गाणं ऐकू देत नाही.

पाचवी पायरी: तंबोरा विकू नका, पण कोपऱ्यातही ठेवू नका

पहिल्या तीन महिन्यांत कुठलंही वाद्य, वह्या, ध्वनिमुद्रणं विकू किंवा वाटू नका. रागात केलेलं दान परत मागता येत नाही.

तंबोरा वापरात नसेल तर तारा सैल करा. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या कोरड्या उष्णतेत ताणलेल्या तारांसकट ठेवलेला भोपळा तडकू शकतो. कूलरच्या थेट झोतासमोरही ठेवू नका, ओलं-कोरडं आणखी वाईट. सगळ्यात उत्तम म्हणजे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला तो वापरायला द्या, आणि तोंडी नको, साध्या कागदावर लिहून: वर्षभरासाठी, दुरुस्ती वापरणाऱ्याची, मालकी माझी. वाजणारा तंबोरा टिकतो. आणि दर महिन्याला जवारी (तारांची गुंज) बघायला म्हणून तुम्हाला त्या घरी जावं लागतं. घराबाहेर पडायला पहिल्या वर्षी असलं एखादं निमित्त लागतंच.

सहावी पायरी: शिल्लक मोजा आणि कुठंतरी नवशिके व्हा

गाणं ही एक गोष्ट वाटते, पण तिच्यात बऱ्याच गोष्टी असतात: सुराचा कान, लयीची जाण, पाठ असलेल्या बंदिशी, रागाची समज, गुरूकडून कानावर पडलेल्या कथा, कुठला तबलजी कुठं धावतो याची माहिती, मंचावर न घाबरणं. गळा यातली एकच गोष्ट होती. कागद घेऊन बसा आणि राहिलेल्यांची यादी करा, पण खरी. 'संगीताची आवड' असलं मोघम लिहू नका. 'भूपाली आणि देशकार दोन आवर्तनांत वेगळे ओळखता येतात', 'पंचावन्न बंदिशी अंतऱ्यासकट पाठ', 'टप्प्यातल्या जागा ऐकून लिहिता येतात' असं लिहा.

मग त्यातल्या एखाद्या गोष्टीला धरून असं काम निवडा ज्याला तुमचा कान लागतो, पण गळा लागत नाही, आणि ज्यात तुम्ही नवखे आहात. हा शेवटचा भाग लोक टाळतात. मंचावर बसलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसणं जड जातं. पण जुन्या मानाइतकाच मान देणारं नवं काम शोधत बसलात तर दहा वर्षं शोधत राहाल. मी तीन कामं जवळून बघितली आहेत, त्यांच्याबद्दल सांगते.

*बंदिशींचं स्वरलेखन.* ग्वाल्हेर गायकीत हे काम सोन्याच्या मोलाचं आहे, कारण आपल्याकडे ख्याल सुरू करताना आधी स्थायी-अंतरा नीट मांडतात, मग विस्तार. बंदिश हीच आपली खरी मालमत्ता. ख्याल, टप्पा, तराणा, त्रिवट, चतुरंग, अष्टपदी, किती प्रकार! यांतलं बरंच काही अजून लोकांच्या वह्यांत आहे, तेही निम्मं-अर्धं: शब्द आहेत, चाल नाही, चाल आहे, ताल लिहिलेला नाही. विष्णु नारायण भातखंड्यांची स्वरलेखनाची पद्धत शिकायला फार वेळ लागत नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राखाली टिंब, तारावर टिंब, एका मात्रेत अनेक स्वर आले तर खाली चंद्रकोर, मींडेला वरून कमान, समेला फुली, खालीला शून्य. खुणा आठवड्यात येतात. विलंबितातली बंदिश मात्रांच्या घरात अचूक बसवायला मात्र वर्ष जातं. सुरुवात छोट्या ख्यालानं करा, तीनतालात. स्वतःला पाठ असलेली बंदिश लिहा, तो कागद दुसऱ्या एखाद्याला नुसता वाचून गायला सांगा. जिथं तो चुकेल तिथं तुमचं लेखन चुकलं आहे. चाल तोंडी मिळाली असेल तर कोणाकडून मिळाली ते खाली लिहा. आणि दोन घरांत दोन पाठ मिळाले तर दोन्ही ठेवा, आपल्याला आवडतो तो 'शुद्ध' ठरवू नका.

भातखंड्यांच्या सल्ल्यानं महाराज माधवराव शिंद्यांनी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय काढलं. कृष्णराव पंडितांचं शंकर गांधर्व महाविद्यालय त्याच्याही आधीचं, १९१४ चं. एकीकडे लिहून-छापून शिकवण्याची रीत आणि दुसरीकडे समोर बसवून देण्याची, दोन्ही या गावात शेजारी-शेजारी नांदल्या. त्यामुळे "लिहिल्यानं गाणं मरतं" म्हणणारे तुम्हाला भेटतील, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. कागदावर सांगाडा येतो. पण सांगाडाही नसेल तर पुढच्याला काय मिळणार?

*जुन्या कॅसेटींचं काम.* प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या घरगुती बैठकी. कॅसेटचं ध्वनिमुद्रण संगणकात उतरवायला तेवढाच वेळ लागतो जेवढी ती वाजते. म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला दीड तास, त्यातून सुटका नाही. तो दीड तास जाणत्या कानानं ऐकणारं माणूस मिळणं हीच खरी अडचण असते, आणि तुमच्याकडे नेमकं तेच आहे. बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका, ती बाकीच्याही खराब करते, जाणकाराकडे द्या. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढं-मागं फिरवून घ्या. फाइल वेव्ह प्रकारात ठेवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला साधारण एक जीबी जागा लागते. मूळ फाइलवर खरखर काढायचे प्रयोग करू नका, ते प्रतीवर करा. तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

आणि नोंदी! नोंदीशिवाय हे सगळं फुकट. राग, ताल, मुखडा, गाणारा, साथीदार, घर, साल. आवाज ओळखता येणारी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे आधी जा. कॅसेट थांबते, माणसं थांबत नाहीत. दुसऱ्याच्या घरातली बैठक त्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर चढवू नका. या एका गोष्टीवरून लष्कर भागातली दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

*पेटीची साथ.* गाणारे पेटीला मनातून कमी लेखतात, ते आधी मनातून काढा. बोटं उशिरा वळतात, हे खरं. पण गाणारी व्यक्ती कुठं श्वास घेणार हे तुम्हाला आधी कळतं, आणि ते शिकवून येत नाही. तुमची अडचण उलटीच असेल: हात गाणाऱ्याच्या पुढं धावेल. तुम्हाला ती जागा येणार हे ठाऊक असतं म्हणून तुम्ही ती आधीच दाखवून मोकळे होता. साथीदारानं अर्धं पाऊल मागं राहायचं असतं. मला हे अजून जड जातं. ज्या मुलीला मी साथ करते ती एकदा हसून म्हणाली, "मावशी, मला चुकू तरी द्या."

सरोद किंवा सतार नव्यानं शिकावी का? गावातलं सरोदघर हे वाद्यांचं संग्रहालय बघून आलं की मोह होतोच. पंचेचाळीशीनंतर शिकायला लागलात तर आनंदासाठी शिका, मंचासाठी नको. तबला त्यापेक्षा बरा, लय तुमच्याजवळ आधीच असते.

सातवी पायरी: कागद आणि पैसा

गाण्यावर पोट होतं त्यांच्यासाठी थोडक्यात. आकाशवाणीची गायनातली श्रेणी वादनाला चालत नाही, त्याची चाचणी वेगळी द्यावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे. स्वरयंत्र काढावं लागलं, पक्षाघातानं बोलणं गेलं, अशांनी प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. नुसतं गाणं गेलं आणि बोलणं शाबूत असेल तर त्यात बसणं अवघड. एखाद्याचं सगळं आयुष्य गेलेलं असतं आणि फॉर्मवर ते शून्य टक्के असतं. चिडून उपयोग नाही. फॉर्म बोलण्यासाठी केलाय, गाण्यासाठी नाही.

आठवी पायरी: शिकवणं, पण पहिल्या वर्षी नाही

"मग आता शिकवा ना" हे तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येईल. शिकवणं चांगलंच आहे, पण थांबा. पहिलं कारण तुमचंच: समोरच्या मुलाला सहज लागलेला तार षड्ज पहिल्या वर्षी सहन होत नाही. मग शिक्षक विनाकारण कडक होतो आणि मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. लहान मूल गुरूचं सगळं उचलतं. तान उचलतं तशी मान वाकडी करण्याची लकबही उचलतं. तुमच्या जखमी गळ्यातली हवा, घोगरेपणा, वरच्या स्वराला बिचकून थांबणं, हेही ते गाणं म्हणूनच उचलेल. म्हणून अगदी नवशिकी मुलं घेऊ नका. ज्यांचा आवाज दुसऱ्या कोणीतरी तयार करून दिला आहे, ज्यांना राग आणि बंदिश पुढं न्यायची आहे, असे विद्यार्थी घ्या. अशी मुलं माधव संगीत महाविद्यालयात किंवा राजा मानसिंह तोमर विद्यापीठात शिकत असतील तर फारच चांगलं.

गाऊन न दाखवता शिकवायची सवय करावी लागते. पेटीवर स्वरसंगती द्या, पण पेटीवर मींड आणि आंदोलन येत नाही, तिथं ध्वनिमुद्रण लावा. एकाच जागेची तीन ध्वनिमुद्रणं ऐकवा आणि विद्यार्थ्यालाच विचारा, फरक काय? हातानं स्वराचा उतार दाखवा. त्याचं गाणं मोबाइलवर घेऊन त्यालाच परत ऐकवा. जमलं तर महिन्यातून एकदा गाणाऱ्या मैत्रिणीला बोलवा आणि तुम्ही सांगाल ते तिला गाऊन दाखवू द्या.

पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं: "मी गाऊन दाखवणार नाही." पालकांसमोर सांगायचं, कारण विद्यार्थी लाजून "चालेल" म्हणतो. फी पहिल्या महिन्यापासून घ्यायची. फुकट शिकवलं की आईबाप उपकार मानतात, मग दया करतात, मग मूल दर मंगळवारी आजारी पडतं. आणि ज्याला गाऊन दाखवणारेच गुरू हवेत त्याला गावातल्या चांगल्या गाणाऱ्यांचे पत्ते द्यायचे, फोन करून सांगायचं की मी पाठवते आहे.